कुकीज पुसल्या, चोर मात्र आतच: एका लॉगिन चोरीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या मामेबहिणीचं. तिला विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असं सगळं गाळलंय किंवा बदललंय, आणि इथे तिला नुसतं ताई म्हणतो. ताई घरून व्हिडिओ एडिटिंग आणि सबटायटल्सचं काम करते, मदतीला एक मुलगी अर्धवेळ असते. सगळं काम एका मेल अकाउंटवर चालतं म्हणजे मेल तिथे, क्लायंटच्या फाइल्स तिथल्याच ड्राइव्हवर, व्हिडिओ चॅनल पण त्याच लॉगिनवर. एकच किल्ली, सगळी कुलुपं.

आता गंमत अशी की कुकीजच्या, म्हणजे साइट्स आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींच्या बाबतीत आमच्या अख्ख्या घरात ताईइतकं काटेकोर कोणी नाही. कुकीजची परवानगी मागणारा बॅनर आला की आम्ही बाकीचे डोळे झाकून 'सगळं मान्य' दाबतो आणि पुढे सरकतो, ही मात्र आत शिरून एकेक बटण बंद करते, आणि 'नकार द्या' कुठे लपवून ठेवलं असेल तर वर त्या साइटला शिव्या घालते. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितलं की आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, हे मला तिच्याकडून कळलं. फ्रान्सच्या सीएनआयएलने, म्हणजे तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेने, गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड ठोकला, का तर कुकीज नाकारणं हे स्वीकारण्याइतकं सोपं ठेवलं नव्हतं, ही जानेवारी २०२२ ची बातमी पण तिनेच मला पाठवली होती. थर्ड पार्टी कुकीज (आपण उघडलेल्या साइटच्या नव्हे, तर त्या पानावर असलेल्या दुसऱ्याच कोणाच्या) बंद, जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन चालू, काही खाजगी शोधायचं असलं की इनकॉग्निटो. मेलला टू-स्टेप चालू, पासवर्ड लांबलचक. म्हणजे ज्या माणसाला आपण 'जरा सेटिंग्ज बघत जा' असं म्हणतो तो माणूस हा नव्हेच.

तरी गेलं. कसं गेलं आणि मी त्यात काय घोळ घातला, ते लिहितोय.

काय झालं

मंगळवारी संध्याकाळी एका नव्या क्लायंटचा मेल आला. भाषा व्यवस्थित, तिच्या आधीच्या कामाचा उल्लेख, खाली लिंक आणि झिपचा पासवर्ड. झिपला पासवर्ड का बरं असेल? ताईला वाटलं गोपनीय ब्रीफ असेल. खरं कारण साधं आहे, पासवर्ड लावला की मेल तपासणाऱ्या यंत्रणेला आत काय आहे ते बघता येत नाही. झिप उघडली, आत पीडीएफचं चित्र असलेली एक फाइल. विंडोज नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइलचं शेवटचं शेपूट दाखवत नाही, त्यामुळे तिला 'ब्रीफ डॉट पीडीएफ' एवढंच दिसलं. पुढचं 'डॉट एससीआर' झाकलेलं. एससीआर म्हणजे स्क्रीनसेव्हर, आणि स्क्रीनसेव्हर हा एक प्रोग्रामच असतो, डबल क्लिक केला की चालतो.

तिने डबल क्लिक केलं. काहीच झालं नाही. पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. फाइल खराब आली असणार म्हणून तिने समोरच्याला अदबीने उत्तर लिहिलं, 'फाइल उघडत नाहीये, कृपया परत पाठवाल का?' आणि त्या भल्या माणसाने परत पाठवली! तिने तीही उघडली.

बुधवार शांत गेला.

गुरुवारी सकाळी मदतनीस मुलीचा फोन, 'ताई, तुमच्या मेलवरून मला एक लिंक आलीय, पगाराच्या हिशोबाची म्हणे, उघडू का?' ताईने काही पाठवलं नव्हतं. पाठवलेल्या मेलमध्ये बघितलं तर तिथेही काही नाही. मोबाइलवर नव्या लॉगिनची सूचना नाही, ओटीपी नाही. तिने लगेच मला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो, 'अरे पण ओटीपीच आला नाही, मग आत आले कसे?'

त्या प्रश्नावर मी थांबायला पाहिजे होतं, सगळं उत्तर त्यातच होतं. पण मी ऑफिसमध्ये, डोकं दुसरीकडे, आणि तोंडातून तेच निघालं जे वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलोय: 'कुकीज आणि कॅश सगळं क्लिअर कर, पासवर्ड बदल, मग बघू.'

तिने इमानदारीत केलं. त्याच लॅपटॉपवर. कुकीज पुसल्या, अर्थातच स्वतःच लॉगआउट झाली, परत लॉगिन केलं, ओटीपी टाकला, पासवर्ड बदलला. पाऊण तासाने मदतनीस मुलीला दुसरा मेल, ताईच्याच अकाउंटवरून.

नेमकं काय चोरीला गेलं होतं

दुपारी तिच्याकडे पोचलो. पहिलं काम, लॅपटॉपचं वायफाय बंद. मग ती म्हणाली, आधी मला कळू दे की हे झालं कसं, त्याशिवाय मी कशाला हात लावणार नाही. बरोबर होतं तिचं.

कुकी म्हणजे मुळात काय, तर साइटने तुमच्या ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटीशी चिठ्ठी, साधारण ४ केबीच्या आतली. वेबला स्वतःची आठवण नसते, प्रत्येक क्लिक सर्व्हरसाठी नवा पाहुणा. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली या इंजिनिअरने ही चिठ्ठीची युक्ती काढली, ऑनलाइन खरेदीची टोपली लक्षात राहावी हे त्यामागचं एक मोठं कारण. आज तीच चिठ्ठी दोन अगदी वेगळ्या कामांना वापरली जाते. एक, जाहिरातवाल्यांनी साइटमागून साइट तुमचा माग काढायला. दोन, तुम्ही लॉगिन केलंय हे लक्षात ठेवायला. ताईची सगळी लढाई पहिल्या जातीशी होती. चोराने उचलली दुसऱ्या जातीची.

मी तिला शिक्क्याचं उदाहरण दिलं. कार्यक्रमाच्या गेटवर तिकीट बघतात, ओळखपत्र बघतात आणि हातावर शिक्का मारतात. नंतर तुम्ही दहा वेळा आतबाहेर केलंत तरी फक्त शिक्का बघतात, ओळखपत्र कोणी मागत नाही. पासवर्ड आणि ओटीपी हे गेटवरचं प्रकरण. सेशन कुकी, म्हणजे ही लॉगिन लक्षात ठेवणारी चिठ्ठी, हा शिक्का. चोराने तिकीट चोरलंच नाही, त्याने शिक्क्याची हुबेहूब नक्कल स्वतःच्या हातावर उमटवली, म्हणून ओटीपी आला नाही. गेटवर कोणी गेलंच नाही तर ओटीपी येणार कुठून?

तिला पटेना. मग माझ्या लॅपटॉपवर मी माझीच एक टेस्ट साइट उघडली, सरावासाठी बनवलेली. एका ब्राउझरमध्ये लॉगिन केलं, डेव्हलपर टूल्समध्ये कुकीजचा तक्ता उघडला. नाव, किंमत, डोमेन, मुदत, मग सिक्युअर, एचटीटीपी-ओन्ली, सेमसाइट असे रकाने. 'किंमत' रकान्यात अक्षरं-आकड्यांची एक लांब निरर्थक ओळ. ती ओळ उचलून शेजारच्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये, जिथे कधीच लॉगिन केलं नव्हतं, तिथे त्याच नावाने चिकटवली आणि पान रिफ्रेश केलं. वर उजव्या कोपऱ्यात माझं नाव आलं. पासवर्ड नाही, काही नाही. ताई दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली, 'एवढंच?' हो, एवढंच.

मोठ्या सेवा यापेक्षा हुशार असतात, जागा किंवा डिव्हाइस एकदम बदललं तर काही ठिकाणी परत विचारतात, पण त्यावर भरवसा ठेवून बसू नये. ताईच्या बाबतीत विचारलं नाही.

तक्त्यातले ते बाकीचे रकाने मग कशाला, हे तिने विचारलंच. सिक्युअर म्हणजे कुकी फक्त एनक्रिप्टेड जोडणीवरूनच जाईल. याची निकड २०१० मध्ये फायरशीप नावाच्या फायरफॉक्स एक्स्टेंशनने जगाला दाखवली, उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्याचं लॉगिन दोन क्लिकमध्ये उचलता यायचं, कारण तेव्हा बऱ्याच साइट्स लॉगिनचं पान सोडलं तर बाकी सगळं उघड्यावर पाठवायच्या. एचटीटीपी-ओन्ली म्हणजे पानावर चालणाऱ्या स्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही. सेमसाइट म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी जायची की नाही ते, क्रोमने २०२० मध्ये हे न सांगितलेल्या कुकीजनाही बऱ्यापैकी कडक नियम लावला. आता बघा, यातलं प्रत्येक कुलूप ब्राउझरच्या आतल्या किंवा वायरीवरच्या चोरासाठी आहे. ताईच्या मेलच्या लॉगिन कुकीला हे सगळे टिक व्यवस्थित असले तरी काय उपयोग, एससीआर फाइलमधला प्रोग्राम थेट तिच्या डिस्कवरच बसला होता, ब्राउझर ज्या फाइलमध्ये कुकीज साठवतो तीच फाइल त्याने उचलली. ती फाइल एनक्रिप्टेड असते, पण ताईच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामला ताईचीच किल्ली सापडायची. क्रोमने जुलै २०२४ मध्ये, १२७ व्या आवृत्तीत, विंडोजवर हे जरा अवघड केलं, म्हणजे किल्ली त्या अॅपशी बांधली, आणि काही महिन्यांतच चोरांनी त्यालाही वळसे शोधले. या जातीच्या सॉफ्टवेअरला इन्फोस्टीलर म्हणतात. रेडलाइन, लुमा ही त्यातली गाजलेली नावं, दोघांवर २०२४ आणि २०२५ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून कारवाया केल्या. मोठमोठे लोकही यात फसलेत, मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हे तंत्रज्ञानावरचं प्रचंड मोठं यूट्यूब चॅनल असंच स्पॉन्सरशिपच्या खोट्या फाइलमधून गेलं होतं. ताईला हे सांगितल्यावर जरा बरं वाटलं. म्हणजे 'मीच कशी इतकी मूर्ख' हे थांबलं आणि कामाला लागता आलं.

आणि माझी चूक? कुकीज पुसणं म्हणजे ताईने स्वतःच्या हातावरचा शिक्का धुतला. चोराच्या हातावरचा तसाच. गेटवाल्याला 'तो शिक्का बाद' असं कोणी सांगितलंच नव्हतं. वर ती त्याच लॅपटॉपवर परत लॉगिन झाली, म्हणजे तो प्रोग्राम अजून जिवंत असेल तर त्याला ताजा शिक्का आणि नवा पासवर्ड दोन्ही आयतं मिळालं. पासवर्ड बदलल्यावर बऱ्याच सेवा बाकीच्या डिव्हाइसवरून लॉगआउट करतात, पण सगळ्या करतात असं नाही. दुसरा मेल जुन्या शिक्क्यावर गेला का नव्या, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पुढचे निर्णय मात्र दोन्ही शक्यता धरूनच घेतले.

समोर काय काय पर्याय होते

ताईचं पहिलं म्हणणं, अँटिव्हायरस चालवू, काही सापडलं तर काढू, काम चालू ठेवू, शुक्रवारी डिलिव्हरी आहे. मी नको म्हटलं. असले प्रोग्राम पुष्कळदा चोरी करून स्वतःला पुसून टाकतात, स्कॅन स्वच्छ येतो आणि आपण निर्धास्त होतो. स्कॅन काय सांगतो, तर आत्ता घरात चोर दिसत नाही. काय घेऊन गेला ते सांगत नाही.

दुसरा पर्याय माझा, लॅपटॉप लगेच फॉरमॅट. यावर ताईने अडवलं आणि बरं झालं अडवलं. तिचं म्हणणं, फॉरमॅट केला तर कुठे कुठे लॉगिन होतं ते मला कसं कळणार? खरंच की. चोराकडे एका मेलच्या कुकीज नव्हत्या, त्या ब्राउझरमधल्या सगळ्याच साइट्सच्या होत्या, शिवाय ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. यादी त्याच लॅपटॉपवर होती. आणि सकाळी कुकीज पुसायला सांगून मी त्या यादीचा मोठा भाग आधीच उडवला होता. नशीब, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड शाबूत होते.

तिसरा, लॅपटॉप नेटपासून तोडून तसाच ठेवायचा, दुसऱ्या स्वच्छ डिव्हाइसवरून सगळ्या अकाउंट्सची सेशन्स, म्हणजे चालू असलेली लॉगिन्स, बंद करायची, मग सावकाश लॅपटॉप. यात वेळ जाणार होता, शुक्रवारची डिलिव्हरी बुडणार होती. ताईने पाच मिनिटं विचार केला, क्लायंटला फोन करून खरं सांगितलं आणि सोमवार मागून घेतला. मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो तांत्रिक नव्हता.

काय केलं, कोणत्या क्रमाने

स्वच्छ डिव्हाइस म्हणजे तिचा मोबाइल. तो मेलला आधीच लॉगिन होता, त्यामुळे परत आत शिरायची मारामारी नव्हती. इथे क्रमाला महत्त्व आहे म्हणून जरा तपशिलात लिहितो.

आधी अकाउंटच्या सुरक्षा पानावर जाऊन डिव्हाइसची यादी बघितली. तिचा मोबाइल, तिचा लॅपटॉप, आणि अजून एक विंडोज मशीन जे तिचं नव्हतं. स्क्रीनशॉट काढला. मग मोबाइल सोडून सगळ्यांना साइन आउट. लगेच पाठोपाठ पासवर्ड बदलला, मधे चहालासुद्धा थांबलो नाही, कारण सकाळचा पासवर्ड चोराला माहीत असू शकतो आणि बाहेर काढलेला माणूस पहिलं काम परत आत यायचं करतो. मग रिकव्हरीचा नंबर आणि रिकव्हरीचा मेल तपासला, ते शाबूत होते. टू-स्टेपचे बॅकअप कोड रद्द करून नवे काढले, ते कागदावर.

एवढ्यावर लोक थांबतात. आम्हीही थांबलो असतो, पण ताईला तो प्रश्न खात होता की पाठवलेल्यात ते मेल दिसले का नाहीत. म्हणून फिल्टर उघडले. तिथे तिने न बनवलेले दोन नियम. एक, विषयात 'सिक्युरिटी' किंवा 'लॉगिन' असलेला मेल आला की थेट कचऱ्यात. नव्या लॉगिनच्या सूचना दिसल्या नाहीत त्या यामुळे. दुसरा, 'इनव्हॉइस' शब्द असलेला प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर फॉरवर्ड. हा दुसरा खरा भयंकर, कारण सगळी सेशन्स बंद केली, पासवर्ड दहादा बदलला तरी हा नियम मुकाट्याने चालू राहिला असता. दोन्ही काढले. पाठवलेले मेल कचऱ्यात सापडले, एकूण अकरा लोकांना गेले होते. त्या अकरा जणांना ताईने फोन केले, मेल नाही, फोन. एकाने लिंक उघडली होती पण पुढे पासवर्ड मागितल्यावर थांबला होता.

त्यानंतर अकाउंटला जोडलेली बाहेरची अॅप्स. कधीतरी 'या अकाउंटने साइन इन करा' म्हणून परवानगी दिलेली, विसरलेली. या परवानग्या कुकीवर चालत नाहीत, वेगळ्या टोकनवर चालतात, त्यामुळे साइन आउट करून त्या जातीलच असं नाही. चोराने नवं काही जोडलेलं नव्हतं, पण ताईची स्वतःची सात-आठ जुनी होती, ती काढून टाकली.

मग बाकीच्या साइट्स. लॅपटॉप नेट न लावता उघडला, हिस्टरी आणि साठवलेल्या पासवर्डवरून कागदावर यादी केली. बँक, पेमेंट, क्लायंटची पोर्टल्स, डोमेन, सोशल मीडिया, खरेदीच्या साइट्स. पैशाचं आणि इतरांच्या डेटाचं आधी, बाकीचं दुसऱ्या दिवशी. प्रत्येक ठिकाणी तेच, 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' शोधा, मग पासवर्ड. दोन साइट्सवर असलं बटणच नव्हतं! तिथे पासवर्ड बदलून मग त्यांच्या सपोर्टला लिहिलं की सगळी सेशन्स मोडा. बँकेचं सेशन काही मिनिटं वापरलं नाही की आपोआप संपतं, त्यामुळे तिथली चोरलेली कुकी शिळी झालेली असणार, पण साठवलेला पासवर्ड शिळा होत नसतो, म्हणून तोही बदलला.

शनिवारी लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकलं. फाइल्सची शेपटं दाखवायचं सेटिंग ताईने स्वतःच्या हाताने चालू केलं, मी सांगायच्या आधी.

पुढची घडी कशी बसवली, आणि ती एकदा कशी विस्कटली

इथे ताई दुसऱ्या टोकाला गेली. नव्या ब्राउझरमध्ये तिने 'बंद करताना सगळ्या कुकीज पुसा' चालू केलं. तर्क बरोबर, डिस्कवर शिक्का नसेल तर चोरणार काय. चार दिवस उत्साह होता. पाचव्या दिवशी माझ्यावर वैतागली, कारण रोज सकाळी सगळीकडे पासवर्ड, ओटीपी, आणि वर सगळे बॅनर परत! तिने आयुष्यभर जपलेले 'नकार'सुद्धा गेले, कारण तुम्ही नकार दिलाय ही आठवणही साइट बहुतेक वेळा कुकीतच ठेवते. मला काळजी वेगळीच होती. माणूस रोज दहा वेळा ओटीपी टाकायला लागला की कुठलंही लॉगिनचं पान समोर आलं तरी हात सवयीने चालतो, आणि खोटं पान तिथेच साधतं.

मग मधला मार्ग. दोन प्रोफाइल केले. एक कामाचा, त्यात मोजकी अकाउंट्स, तिथे कुकीज राहतात, पण नवीन साइट उघडायची नाही आणि एक्स्टेंशन शून्य. दुसरा भटकण्याचा, त्यात कुठेच लॉगिन नाही आणि बंद केला की सगळं साफ. मान्य, डिस्कवर बसलेल्या चोराला दोन्ही प्रोफाइल सारखेच उघडे असतात, त्यामुळे हा काही रामबाण नाही. फायदा असा की चोराला उचलायला पन्नास साइट्सऐवजी सहा उरतात आणि त्या सहाची यादी ताईला तोंडपाठ आहे. पासवर्ड ब्राउझरमधून काढून वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये गेले. मेलला पासकी लावली (पासवर्डऐवजी डिव्हाइसमध्येच राहणारी, बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडणारी किल्ली), खोट्या पानावर ती चालत नाही म्हणून, पण ताईला हेही स्पष्ट सांगितलं की पासकी गेट मजबूत करते, शिक्क्याचं काही करत नाही.

थर्ड पार्टी कुकीजवरून एक वेगळाच गैरसमज निघाला. ताईचा समज होता की क्रोमने त्या बंद केल्यात, आता काळजी नको. तिने वाचलेली बातमी खोटी नव्हती, जुनी होती. गूगलने २०२० च्या सुरुवातीला जाहीर केलं होतं की दोन वर्षांत काढू, मग पुढे ढकलत राहिले, आणि एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की आहे ते तसंच चालू ठेवतोय, ज्याला बंद करायच्या त्याने सेटिंग्जमध्ये करा. सफारीने मार्च २०२० पासूनच सरसकट अडवल्यात, फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवणं सगळ्यांसाठी चालू केलं. तिने स्वतः बंद केल्या होत्या त्या लॅपटॉप पुसण्याआधी, नव्याने विंडोज टाकल्यावर ते करायचं राहून गेलं होतं. परत बंद केल्या आणि लगेच एका क्लायंटचं रिव्ह्यूचं पान चालेना, कारण त्यांचा व्हिडिओ प्लेयर दुसऱ्या डोमेनवरून येतो आणि स्वतःचं लॉगिन कुकीत ठेवतो. सगळं परत चालू करायचा मोह झाला होता, तसं न करता तेवढ्या एका साइटला अपवाद दिला.

परिणाम

पैसे गेले नाहीत. चॅनल गेलं नाही, बहुतेक आम्ही त्याच दिवशी दुपारी बाहेर काढल्यामुळे. डिलिव्हरी सोमवारी गेली. अकरापैकी एका क्लायंटने पुढचं काम दिलं नाही, कारण सांगितलं नाही, आणि ताईने विचारलं नाही. त्या फॉरवर्डच्या नियमाने दोन दिवसांत तीन इनव्हॉइस बाहेर गेली होती, त्या तिन्ही क्लायंटना कळवलं की बँकेचं खातं बदललंय असा मेल ताईच्या नावाने आला तर पैसे पाठवू नका, आधी फोन करा. त्यातल्या एकाला पंधरा दिवसांनी खरंच तसा मेल आला, जवळपास तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पत्त्यावरून. त्याने फोन केला.

परत वेळ आली तर

सगळ्यात आधी मी फोनवर एकच वाक्य बोलेन, 'लॅपटॉपचं नेट बंद कर आणि मोबाइलवरून सगळीकडून साइन आउट कर.' कुकीज पुसणं हे यादीत शेवटी, खरं तर लॅपटॉप पुसला जाणार असेल तर यादीतच नाही. माग काढणाऱ्या कुकीजसाठी ते औषध ठीक आहे, चोरीच्या कुकीसाठी नाही, आणि ही दोन दुखणी वेगळी आहेत हे मला शब्दांत माहीत होतं पण घाईत हात जुन्या सवयीनेच चालला.

ताईचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या मते खरा निर्णयाचा क्षण मंगळवारचाच, फाइल उघडली तेव्हाचा नाही, ती तर कोणीही उघडेल. उघडून काहीच झालं नाही तेव्हाचा. त्या क्षणी तिने नेट बंद करून मला विचारलं असतं तर दीड दिवस वाचला असता. ती म्हणते, 'काही झालं नाही' हीच तर काहीतरी झाल्याची खूण होती. मला हे पटतं, आणि मदतनीस मुलीला तिने कामाच्या पहिल्या नियमात आता हेच सांगून ठेवलंय: फाइल उघडली आणि काहीच दिसलं नाही, तर परत क्लिक नको, आधी मला हाक मार.

अजून एक राहिलं होतं ते म्हणजे मुलीचा लॅपटॉप. तिने लिंक उघडली नाही असं ती म्हणाली आणि आम्ही ते मानलं, तपासलं दहा दिवसांनी. काही नव्हतं, पण दहा दिवस ही काही तपासायची वेळ नव्हे.

ताई आता दर महिन्याच्या एक तारखेला सहाही अकाउंट्सची डिव्हाइस यादी उघडते. गेल्या महिन्यात तिचा रात्री साडेदहाला घाबरून फोन, यादीत एक अनोळखी टॅबलेट आहे, कालच दिसलाय. मी म्हटलं आधी साइन आउट कर, मग बोलू. तिने केलं. आतल्या खोलीतून भाच्याचा आवाज आला, 'आई, माझं कार्टून बंद का झालं?'